कापायचंय काय?

आमच्या होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक सुरी असते. एकच. ती कुणाची, कधी आली, हे कुणालाच माहीत नसतं. मूठ अर्धी जळलेली (कुणीतरी तिनेच कॉइलवरचं मॅगीचं पातेलं उचलायचा पराक्रम केलेला असतो. रेक्टर सर, हे वाक्य आपण वाचलं नाही असं समजावं), टोक तुटलेलं, आणि धार अशी की टोमॅटो कापायला जावं तर तो आधी हसतो आणि मग फुटतो.

तर मंडळी, आज मी सुरीवर लिहिणार आहे. हसू नका. गेल्या वर्षभरात अभ्यासाच्या खालोखाल मी कशाचा विचार केला असेल तर तो सुरीचा. (माझी मार्कशीट बघता 'अभ्यासाच्या खालोखाल' हेही जरा जास्तच झालं, पण असो.) ट्रेकला जाताना कोणती सुरी घ्यावी, पूर्वी शिकारीला जाणारे लोक कोणती नेत, चांगली सुरी ओळखायची कशी, हे सगळं मी शिकलो, पण उलट्या क्रमाने. आधी परीक्षा झाली, मग निकाल लागला आणि त्यानंतर पुस्तक उघडलं. त्या परीक्षेत नापास झालो मी आणि केटी भरली दुसऱ्यानेच. म्हणून हा लेख.

आधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटवाला. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोललं की एक रुपया दंड व्हायचा. त्यामुळे 'नाइफ' म्हणजे नाइफ, एवढाच माझा शब्दसंग्रह. मराठीत सुरी वेगळी, सुरा वेगळा, चाकू वेगळा, कोयता, कोयती, विळा, विळी सगळे वेगळे, आणि प्रत्येकाचं कामही वेगळं, हे मला विसाव्या वर्षी कळलं. ते आधी कळलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं असं कधीकधी वाटतं.

सेकंड इयरला, दिवाळीनंतर, मेसचं बिल महिनाभर पुढे ढकलून मी एक 'हंटिंग अँड सर्व्हायव्हल नाइफ' ऑनलाइन मागवला. अठराशे रुपये! काय दिसायचा महाराजा! आठ इंचांचं काळं पातं, पाठीला करवतीचे दाते, पोकळ धातूची मूठ, मुठीच्या टोपणात होकायंत्र, आणि मुठीच्या आत काड्या, सुई-दोरा आणि मासे पकडायचा गळ. सह्याद्रीत मासे! आपल्या किल्ल्यांवरच्या टाक्यांत बेडूक भेटला तरी नशीब. पण मला त्या वेळी हा प्रश्न पडला नाही. मजल्यावरच्या सगळ्यांनी तो हातात घेऊन आरशासमोर फोटो काढले. मी तर दोनदा काढले.

दुसऱ्या आठवड्यात मुठीतून 'टिक' असा आवाज यायला लागला. पातं किंचित हलत होतं. टोपण उघडून टॉर्च मारून बघितलं, तर एवढ्या रुंद पात्याला मागे पेन्सिलीएवढी आट्यांची सळई जोडलेली आणि ती एका नटाने आवळलेली. बस्स. नट घट्ट केला, तरी हलतच होतं. मग स्टेशनरीच्या दुकानातून इपॉक्सीच्या दोन ट्यूब आणल्या, कालवल्या आणि मुठीत भरल्या. सकाळी पातं दगडासारखं घट्ट. मी कुणालाही काही बोललो नाही. अठराशे रुपयांची फजिती कोण सांगणार?

डिसेंबरात आम्ही सात जण सुधागडला गेलो. ठाकूरवाडीकडून, लोखंडी शिडीच्या वाटेने. वर पंत सचिवांच्या वाड्यात मुक्काम होता. वाडीतले एक मामा वाट दाखवायला बरोबर आले होते. त्यांच्या कमरेला मागे कोयता अडकवलेला. काळपट पातं, मूठ घामाने चकचकीत झालेली. मी माझं शस्त्र काढून त्यांना दाखवलं. त्यांनी अंगठा पात्यावर आडवा फिरवला, मुठीवर बोटाने दोनदा वाजवलं आणि हसून म्हणाले, "दादा, हे शोभेचं हाय." सगळे हसले. मला राग आला. खरं तर मुठीवर वाजवल्यावर त्यांना काय ऐकू आलं असेल, या विचाराने पोटात गोळा आला होता. पण चेहऱ्यावर रागच आणला.

संध्याकाळी पिठलं-भाताची तयारी सुरू झाली. मामा पाणी आणायला गेले होते. वाळक्या, पडलेल्या फांद्या आणल्या होत्या, त्यांच्या बारीक ढलप्या काढायच्या होत्या. मी हौसेने बसलो. पहिली फांदी बरी गेली. तिसऱ्या फांदीला पातं लाकडावरून नुसतं घसरायला लागलं. धार गेलीच होती. माझा रूम पार्टनर बघत होता. तो तबला वाजवतो हे आपल्या कॉलेजमध्ये सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्याचं नाव लिहीत नाही. तो म्हणाला, "दे इकडे, तुझ्याच्याने नाही व्हायचं."

मी दिली. मूठ त्याच्याकडे करून दिली, अगदी सिस्टरनी शिकवल्यासारखी. फक्त एक वाक्य बोललो नाही.

त्याने डाव्या हातात फांदी धरली आणि उजव्या हाताने जोर लावला. आवाज आला, 'टक्.' मूठ त्याच्या उजव्या हातातच राहिली आणि पातं सुटून डाव्या हाताच्या बोटांवरून गेलं. बोथट म्हणून जिला आम्ही हसत होतो, तिने चामडी सहज कापली. बोटाला काही लाकडासारखा जोर लागत नाही.

एक जण एनसीसीतला होता, त्याने डोकं शांत ठेवलं. स्वच्छ रुमालाची घडी जखमेवर दाबून धरली, वरून पट्टी घट्ट बांधली आणि हात हृदयाच्या वर उचलून धरायला लावला. रुमाल भिजला तर तो काढायचा नाही, वरूनच दुसरा ठेवायचा, एवढं त्या दिवशी मी शिकलो. मामा आले, त्यांनी एकदा बघितलं आणि भांडी तशीच सोडून आम्हाला खाली घेऊन निघाले. रात्रीच्या अंधारात, टॉर्चच्या उजेडात, एका हाताने शिडी उतरणाऱ्या मुलाच्या कमरेला दोर बांधून. त्या शिडीवर मी त्याच्या खाली होतो. वरून त्याच्या कण्हण्याचा आवाज येत होता आणि मी मनात एकच हिशोब करत होतो, की हे इपॉक्सीमुळे झालं की इपॉक्सी नसतं तरी झालं असतं?

पालीला डॉक्टरांनी पट्टी केली आणि बोट वाकवायला सांगितलं. अनामिका वाकेना. म्हणाले, आतली टेंडन तुटलीय, पुण्याला न्या. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. सहा आठवडे हात स्प्लिंटमध्ये, त्यानंतर रोजचा व्यायाम. फेब्रुवारीच्या गॅदरिंगला स्टेजवर त्याच्या जागी दुसरा मुलगा बसला. पार्टनर पहिल्या रांगेत बसून उजव्या हाताने मांडीवर ठेका धरत होता.

"कसं काय रे झालं?" असं सगळे विचारायचे. तो म्हणायचा, "अरे, मीच येड्यासारखा जास्त दाबलं." आणि मी शेजारी उभा राहून मान हलवायचो.

मार्चमध्ये मटेरियल सायन्सच्या लॅबमध्ये रॉकवेल हार्डनेसचं प्रॅक्टिकल होतं. हिऱ्याचा बारीक शंकू १५० किलोच्या भाराने धातूत दाबायचा आणि तो किती खोल गेला त्यावरून कडकपणा मोजायचा. मी ते पातं बॅगेतून काढून लॅबच्या काकांना दिलं. काकांनी पात्याची सपाट जागा बघून तीन रीडिंग घेतली. सरासरी ४३ एचआरसी. "बाहेर वापरायच्या सुरीला ५५ ते ६० पाहिजे रे," काका म्हणाले. "४३ म्हणजे वाकेल, झिजेल, धार काही धरायची नाही." मग त्यांनी पात्याचं तुटलेलं टोक भिंगाखाली धरलं. चाळीस मिलिमीटरचं पातं एकदम आठ मिलिमीटरच्या सळईला वेल्डिंगने चिकटवलेलं. कोपरा काटकोनात, जरासुद्धा गोलाई नाही. मशीन डिझाइनमध्ये आपण 'स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन'चे जे चित्र काढतो ना, रुंदी अचानक बदलते तिथे ताणाच्या रेषा गर्दी करतात, ते चित्र जसंच्या तसं माझ्यासमोर होतं. तुटायची जागा आधीच ठरलेली होती.

"आणि हे वरून काय फासलंय?" काकांनी नखाने इपॉक्सीची एक खपली काढली.

"तसंच आलं होतं, काका."

काका काही बोलले नाहीत. त्यांनी वहीत ४३ लिहिलं आणि तुकडा माझ्या हातात परत ठेवला.

मे महिन्यात गावी गेलो, देवगड तालुक्यात. आजोबांना सगळं सांगितलं. म्हणजे इपॉक्सी सोडून सगळं. मोबाइलवर त्या सुरीचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर-खाली करून बघितला. "ह्या काय आसा? तलवार?"

आजोबा लहान असताना त्यांच्या वडिलांबरोबर रानडुकराच्या शिकारीला जायचे. ही गोष्ट १९७२ च्या आधीची. त्या वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि आता परवानगीशिवाय शिकार हा सरळसरळ गुन्हा आहे, त्यामुळे 'हंटिंग नाइफ' हे नावच आपल्याकडे नुसतं सजावटीचं. आजोबांनी माळ्यावरची पेटी उघडून एक चामड्याचं म्यान काढलं. मला वाटलं आता काहीतरी जबरदस्त निघणार. निघाली जेमतेम चार इंचांची सुरी.

"एवढीशी? डुकराला?"

"मारूचा काम बंदुकीचा," आजोबा म्हणाले. "सुरयेचा काम मगे सुरू होता."

मग त्यांनी सुरी धरून दाखवली. कातडी सोलताना पातं हाताच्या पंजात मावलं पाहिजे, तर्जनी पाठीवरून टोकापर्यंत पोचली पाहिजे. धारेला टोकाशी पोट हवं, म्हणजे गोलाई हवी, त्याने कातडी सरळ ओढीत सुटते. टोक फार अणकुचीदार नको, नाहीतर ते आत घुसून आतडं फोडतं आणि सगळं मांस वाया जातं. पाठीला दाते तर मुळीच नकोत, ते कातडीत अडकतात. आठ इंचांचं पातं घेऊन हे काम करायला गेलं तर काय होईल, हे त्यांनी नुसतं हसून सांगितलं.

नंतर वाचताना कळलं की जगातले नावाजलेले शिकारी चाकूही असेच आहेत. अमेरिकेतले बॉब लव्हलेस (१९२९–२०१०) हे या क्षेत्रातले गुरू मानले जातात. त्यांची प्रसिद्ध 'ड्रॉप पॉइंट' सुरी, म्हणजे जिची पाठ टोकाकडे हळूच खाली उतरते ती, साडेतीन-चार इंचांचीच आहे. गंमत म्हणजे हे गृहस्थ तरुणपणी बोटीवर नोकरी करायचे. हवा तो चाकू दुकानात लगेच मिळाला नाही म्हणून त्यांनी १९५० च्या दशकात पहिला चाकू घडवला तो भंगारातल्या पॅकार्ड गाडीच्या स्प्रिंगमधून आणि बोटीच्या स्वयंपाकघरातल्या शेगडीवर! फ्रान्सच्या सॅव्हॉय भागात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये बनवलेला लाकडी मुठीचा मिटता चाकू आजही तसाच मिळतो. त्याला १९५५ पासून फिरणारी कडी आहे, ती फिरवली की पातं बोटांवर मिटत नाही. होकायंत्र नाही, गळ नाही, काही नाही.

मी आजोबांना विचारलं, "मग ट्रेकला कोणती घेऊ? तुम्हीच सांगा."

ते म्हणाले, "तुका कापूचा काय आसा, ता आधी सांग. सुरी मगे बघू."

मी विचार करायला लागलो. कांदा. ब्रेड. दोर. पट्टीचं कापड. कधीतरी चुलीसाठी वाळकी काटकी. संपली यादी! ट्रेकला यापलीकडे मी आयुष्यात काही कापलेलं नव्हतं. या यादीत रानडुक्कर नव्हतं, शत्रूही नव्हता. अठराशे रुपये मी ज्या कामासाठी घातले होते, ते काम म्हणजे आरशासमोरचा फोटो.

दुसऱ्या दिवशी आजोबा मला लोहाराकडे घेऊन गेले. लोहारकाका ट्रकच्या स्प्रिंगचा एक तुकडा तापवत होते. (लव्हलेससाहेब आठवले!) पुस्तकात लिहिलंय की पोलाद ७२७ अंशांच्या वर गेलं की त्याची अंतर्गत रचना बदलते, मग ते झटकन थंड केलं की मार्टेन्साइट तयार होतं, अतिशय कडक पण ठिसूळ. मग ते पुन्हा थोडं तापवून, टेंपर करून, ठिसूळपणा कमी करायचा. हे मी परीक्षेत आठ मार्कांना लिहिलं होतं. लोहारकाकांकडे थर्मामीटर नव्हता. पातं पिकलेल्या रातांब्याच्या रंगाचं झालं तसं त्यांनी बाहेर काढलं, फक्त धारेची बाजू पाण्यात धरली, दगडावर घासून तिथे चकाकी आणली आणि बघत बसले. पाठीतली उरलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकायला लागली आणि चकाकत्या पट्टीवर रंग चढला. आधी वाळल्या गवताचा पिवळा. त्याच क्षणी त्यांनी पातं पुन्हा पाण्यात बुडवलं. अजून थांबलं असतं तर तपकिरी, मग जांभळा, मग निळा झाला असता. निळा रंग स्प्रिंगला चांगला, सुरीला नाही. पाठ मऊ आणि चिवट राहिली, धार कडक झाली. एकाच पात्यात दोन गुण.

"पाणी बरोबर बसाक व्हया," ते म्हणाले. "जास्त झाला तर काचेसारखी मोडतली, कमी पडला तर वाकतली."

हत्याराला पाणी देणं! दहावीला 'पाणी जोखणे' हा वाक्प्रचार मी अर्थासकट पाठ केला होता. तो समजला भट्टीसमोर बसल्यावर. आणि लगेच दुसरा विचार आला, की माझं पाणी सुधागडावर जोखलं गेलं होतं आणि ते ४३ च्याही खाली निघालं होतं.

लोहारकाकांनी मला त्याच तुकड्याची चार इंचांची सुरी करून दिली. पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं, दोन्ही बाजूंनी सागाचं लाकूड आणि तीन रिव्हेट. लपवायला जागाच नाही, आतलं सगळं कडेने दिसतं.

आता मित्रांनो, जे शिकलो ते थोडक्यात सांगतो, म्हणजे तुमचे अठराशे रुपये आणि बोटं दोन्ही वाचतील.

आधी आजोबांचा प्रश्न. कापायच्या वस्तूंची यादी करा. आपल्यासारख्या ट्रेकरला तीन ते चार इंचांचं पातं भरपूर होतं. लाकूड फोडायचं असेल तर ते कोयत्याचं काम आहे, सुरीचं नाही, आणि ओलं झाड तोडायचं तर कुणाचंच काम नाही. चहा-मॅगीला गॅसचा छोटा स्टोव्ह न्या.

दुसरं, मूठ. पातं मुठीत किती आत गेलंय ते बघा किंवा दुकानदाराला विचारा. पोकळ मुठीची सुरी शोकेसमध्येच बरी. हाताला साबण लावून मूठ धरून बघा. घसरत असेल तर पावसाळ्यातही घसरणार. मिटता चाकू घेतलात तर पातं उघडल्यावर पक्कं अडकतं का हे आधी तपासा.

तिसरं, पोलाद. साध्या कार्बन पोलादाला धार पटकन लागते, पण आपल्या पावसात ते एका रात्रीत गंजतं. वापरून झालं की पुसून कोरडं करायचं आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, त्यामुळे गंज उशिरा धरतो. हे पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीला १९१३ मध्ये सापडलं ते बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून चाललेल्या प्रयोगांत. पण नुसतं 'स्टेनलेस' लिहिलंय म्हणून भुलू नका. माझं पातंही स्टेनलेसच होतं. पाणी कसं दिलंय यावर सगळं आहे.

चौथं, धार. बोथट सुरी सुरक्षित असते हा गैरसमज आहे. ती जास्त जोर मागते आणि जोर लावलेला हात सुटला की आवरत नाही. धारेच्या दगडावर पातं साधारण २० अंशांत धरायचं. पातं एक इंच रुंद असेल तर पाठ दगडापासून साडेआठ मिलिमीटर वर. (२५ गुणिले साइन २०. इंजिनिअरिंगचा आयुष्यात उपयोग झालेला हा पहिलाच प्रसंग.) एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूला बारीक कुसळ जाणवलं की बाजू बदलायची.

पाचवं, वापरताना हात लांब करून स्वतःभोवती एक फेरी मारा. त्या वर्तुळात कुणी नको. कापताना धार नेहमी अंगापासून लांब, आणि धरलेला हात कधीही पात्याच्या वाटेत नको.

आणि कायदा. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं, जर ते घरगुती, शेतीच्या किंवा तत्सम कामासाठी बनवलेलं नसेल, तर शस्त्रांच्या यादीत मोडतं. माझी सुरी एका इंचाने वाचली. हौस कुठपर्यंत जाते बघा.

जुलैत कॉलेज सुरू झालं. थर्ड इयरलाही आम्ही दोघं एकाच खोलीत. पहिल्याच रात्री पार्टनर डग्गा काढून बसला. 'धा' येत होता, पण घुमारा घेताना अनामिका अर्धीच वाकत होती. तो थांबला आणि म्हणाला, "साला, त्या दिवशी एवढा जोर लावला नसता तर..."

मी सांगितलं. टिक आवाज, नट, दोन ट्यूब, काका, सगळं.

तो बराच वेळ डग्ग्याकडे बघत होता. मग म्हणाला, "सात महिने मी स्वतःला शिव्या घालतोय. तू रोज ऐकत होतास."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पुढचे नऊ दिवस तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. दहा बाय बाराच्या खोलीत नऊ दिवस म्हणजे किती, हे होस्टेलवाल्यांना सांगायला नको. दहाव्या दिवशी मजल्यावरची ती जळक्या मुठीची सुरी माझ्या टेबलावर आपटून म्हणाला, "एवढा शिकून आलायस, तर हिला धार लाव. टोमॅटो कापायचेत." मी लावली.

नोव्हेंबरमध्ये आम्ही पुन्हा सुधागडला गेलो. तेच मामा, तीच शिडी. मामांनी माझी नवी सुरी हातात घेतली, अंगठा आडवा फिरवला, मुठीवर दोनदा वाजवलं आणि काही न बोलता परत दिली. मला डिस्टिंक्शन मिळाल्यासारखं वाटलं. संध्याकाळी पार्टनरने कांदा कापायला हात पुढे केला. मी मूठ त्याच्याकडे केली, पण लगेच सोडली नाही. "रिव्हेट घट्ट आहेत, कालच बघितलेत. धार परवा लावलीय. टोकाजवळ एक खाच पडलीय, तिथे अडकते, जपून."

"बरं," तो म्हणाला, आणि कांदा कापायला बसला.

हा लेख देण्याआधी मी त्याला वाचायला दिला. नाव घालू नकोस, बाकी सगळं राहू दे, म्हणाला. आणि शुद्धलेखन कुणाकडून तरी तपासून घे, कॉन्व्हेंटवाल्या.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी